शेजारचं चौऱ्याऐंशीला गेलं: पाथर्डी फाट्यावरच्या एका रो-हाऊसच्या विक्रीचे प्रकरण

मी स्थापत्य अभियंता आहे आणि नाशिकमध्ये घरांच्या मूल्यांकनाचे काम करते. हे प्रकरण त्या कुटुंबाच्या संमतीने मांडत आहे. नावे दिलेली नाहीत, गल्ली ओळखता येईल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा थोड्या पुढेमागे केल्या आहेत. रकमांचे एकमेकींशी असलेले प्रमाण मात्र खरे आहे, आणि सगळा प्रश्न त्या प्रमाणाचाच होता.

पार्श्वभूमी

काका नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. २००६ साली त्यांनी पाथर्डी फाट्याच्या पुढे, वासननगरच्या बाजूला सहा घरांच्या ओळीतले मधले रो-हाऊस घेतले, सगळा खर्च धरून ९ लाख ८० हजारांना. वाट्याला आलेली जमीन ८० चौरस मीटर, म्हणजे ८६१ चौरस फूट. मंजूर नकाशातले बांधकाम ८८० चौरस फूट. पुढे मुलगा कॉलेजात गेला तेव्हा गच्चीवर १८० फुटांची एक खोली चढवली आणि दारापुढच्या मोकळ्या जागेवर पत्र्याची शेड टाकली. या दोन्ही गोष्टी नकाशात नाहीत. ओळीतल्या सहापैकी पाच घरांत असेच आहे.

नाशिकमध्ये एक काळ असा होता की कंपनीतला, सरकारी नोटप्रेसमधला, शाळेतला पगारदार माणूस फ्लॅटऐवजी रो-हाऊसचा विचार करू शकत होता. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, जेल रोड, म्हसरूळ, आडगाव, जिकडे जावे तिकडे या ओळी उभ्या राहिल्या. तुळशीला जागा, स्कूटर दारात, डोक्यावर आपले छप्पर. ती घेणारी पिढी आता साठी-सत्तरीत आहे. झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर आणि गुडघ्यांना जिना झेपत नाही. माझ्याकडे अलीकडे येणाऱ्या रो-हाऊसच्या विक्रेत्यांत हेच कारण सगळ्यांत जास्त ऐकू येते. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचा त्रास वाढला तेव्हा लेकीच्या जवळ, इंदिरानगरमध्ये, लिफ्ट असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचे घरात ठरले. त्यांना आवडलेल्या फ्लॅटची किंमत मे २०२४ मध्ये ५८ लाख सांगितली जात होती.

अडचण कुठे सुरू झाली

त्याच मे महिन्यात ओळीच्या टोकाचे, कोपऱ्यावरचे रो-हाऊस ८४ लाखांना विकले गेले. ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. एका एजंटने कागदावर भागाकार करून दाखवला: १,०५० फूट बांधकाम, ८४ लाख, म्हणजे फुटाला ८,००० चा भाव. काकांचे बांधकाम गच्चीवरची खोली धरून १,०६० फूट. ८,००० ने गुणले की आकडा ८४ लाख ८० हजारांवर जातो. कोपरा नाही म्हणून थोडे सोडले आणि जूनमध्ये घर ८२ लाखांना बाजारात आले.

पहिल्या तीन महिन्यांत घर बघायला माणसे आली, चहा घेऊन गेली. सप्टेंबरमध्ये, गणपतीत, एका जोडप्याने ६४ लाख सांगितले आणि एक लाखाचा इसार दिला. काकांना आकडा खूप खाली वाटला, पण काकूंनी आग्रह धरला म्हणून ते तयार झाले. मग बँकेचा मूल्यांकनकार येऊन गेला. त्याने फक्त मंजूर ८८० फूट धरले आणि किंमत ५५ लाख ५० हजार लावली. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणून कर्ज ४४ लाख ४० हजारांवर अडले. उरलेले १९ लाख ६० हजार आणि वर मुद्रांक-नोंदणीचे चार लाखांहून जास्त, हे त्या जोडप्याच्या खिशातून यायला हवे होते. त्यातच पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत घरात सापडेना. मध्ये पितृपक्ष आला. दसऱ्याच्या आधी त्यांनी इसार परत मागितला आणि काकांनी तो दिला.

काकांनी यातून एवढेच घेतले की बाजार पडला आहे. पुण्यातल्या मुलाचे म्हणणे होते, "बाबा, २०२७ ला सिंहस्थ आहे, आत्ता विकू नका." लेक म्हणत होती की येईल त्या भावाला विका आणि आईला जिन्यावरून खाली आणा. तीन एजंटांचे तीन आकडे होते: ७८, ७० आणि ६०.

जानेवारी २०२५ मध्ये ते माझ्याकडे आले तेव्हा काकांचा पहिला प्रश्न होता, "अगं, शेजारचं चौऱ्याऐंशीला गेलं. एकच बिल्डर, एकच साल, भिंतीला भिंत. मग माझं काय वाईट आहे?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर "बाजार पडलाय" किंवा "तुमची अपेक्षा जास्त आहे" असे एका ओळीत देणे मला बरोबर वाटले नाही. मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले.

दस्तांमध्ये काय दिसले

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला इंडेक्स टू, पाहता येतो. मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्ताचा प्रकार, तारीख, सगळे त्यात असते. मौजे पाथर्डीच्या त्या ओळींचे आणि लगतच्या दोन सर्व्हे नंबरांचे २०१९ ते २०२४ चे दस्त मी काढले.

पहिल्या मोजणीत ३७ व्यवहार भरले. ती मोजणी चुकीची होती. एकाच विक्रीचे साठेखत, म्हणजे आधीचा करार, तेही नोंदले जाते आणि नंतर खरेदीखतही. अशा चार जोड्या मी दोनदा मोजल्या होत्या. दोन बक्षीसपत्रे होती, बापाकडून मुलाकडे, त्यांचा बाजाराशी संबंध नाही. हे सहा वगळल्यावर ३१ खऱ्या विक्री उरल्या: २०१९ मध्ये ५, २०२० मध्ये ७, २०२१ मध्ये ६, पुढे दोन वर्षे पाच-पाच आणि २०२४ मध्ये ३.

वरवर पाहिले तर २०२० ला मागणी वाढली आणि २०२४ ला ओसरली, असा अर्थ निघतो. पण तारखा पाहिल्या तर २०२० च्या सातपैकी पाच विक्री सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या आणि २०२१ च्या सहापैकी चार जानेवारी ते मार्चमधल्या होत्या. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात तीन टक्के आणि त्यापुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के सवलत दिली होती. पुढे कधीतरी होणारे व्यवहार लोकांनी त्या सात महिन्यांत उरकून घेतले. त्या उंचवट्याशी तुलना केली तर नंतरचे कुठलेही साधे वर्ष मंदीचे वाटते.

२०२४ मध्ये तीनच विक्री झाल्या हे मात्र खरे. त्याचे कारण मला गिऱ्हाईक नसण्यापेक्षा विकणारे नसण्यात दिसते. रो-हाऊस विकून तेवढ्या पैशांत तसेच दुसरे मिळत नाही, म्हणून मालक हलत नाहीत. नवी रो-हाऊस तर या भागात जवळजवळ बांधलीच जात नाहीत. जमीन महागली आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने रुंद रस्त्यावर उंच इमारत जास्त फायद्याची केली. बिल्डर ओळ कशाला बांधेल?

आता किमती. २०१९ ची सरासरी ४० लाख, २०२४ ची ६८ लाख. पाच वर्षांत ७० टक्के वाढ! एजंट हाच आकडा सांगत होते आणि गणिताने तो बरोबरच होता. पण २०२४ च्या तीन विक्री कोणत्या? कोपऱ्याचे ८४ लाखांचे घर, २०१९ नंतर बांधलेले एक नवे घर ६४ लाखांना आणि काकांच्या घरासारखे मधले जुने घर ५६ लाखांना. २०१९ च्या पाचही विक्री मधल्या जुन्या घरांच्या होत्या. म्हणजे सरासरी वर गेली त्यातला बराच मोठा भाग अशा कारणाचा की विकली गेलेली घरेच वेगळ्या जातीची होती. मधले घर मधल्या घराशी ताडले तर ४० लाखांचे ५६ लाख झाले होते, म्हणजे ४० टक्के.

याहून भरवशाचा पुरावा एका घराने दिला. ते २०१९ मध्ये ४१ लाखांना आणि २०२३ मध्ये ५३ लाखांना, असे दोनदा विकले गेले होते. तेच घर, त्याच भिंती, चार वर्षांत वर्षाला साधारण साडेसहा टक्के. लहान परिसरात विक्री इतक्या थोड्या होतात की एक मोठे घर विकले गेले तरी सरासरी उडी मारते. अशा ठिकाणी दोनदा विकलेले एक घर दहा वेगवेगळ्या घरांपेक्षा जास्त सांगून जाते, असा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी मी पाळली. ज्या दस्तात मोबदला आणि सरकारी बाजारभाव हे दोन रकाने रुपया-रुपयाने जुळतात, तो दस्त मी कच्चा पुरावा मानते. तिथे रक्कम रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचे कोष्टक, पाहून लिहिलेली असू शकते. ३१ पैकी ६ दस्त असे होते आणि भावाचा अंदाज बांधताना मी ते बाजूला ठेवले.

कोपऱ्याच्या घराचा हिशेब

काकांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथे होते, म्हणून हा भाग मी त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच वहीत मांडला.

कोपऱ्याच्या घराला बाजूची मोकळी जागा धरून १,५०० फूट जमीन आहे. बांधकाम १,०५० फूट. आज तसे बांधायला फुटाला १,९०० रुपये धरू. घर १८ वर्षांचे, आयुष्य ६० वर्षांचे, शेवटी दहा टक्के भंगारमूल्य उरते असे धरले की २७ टक्के घसारा. बांधकामाची आजची किंमत साडेचौदा लाख येते. ८४ लाखांतून ती वजा केली की जमिनीला ६९ लाख ४० हजार उरतात. १,५०० ने भागले की फुटाला ४,६३० रुपये.

त्याच भागातल्या मोकळ्या प्लॉटच्या दस्तांवरून आतल्या गल्लीचा दर मला ४,३०० च्या आसपास दिसत होता. तीनशे-सव्वातीनशेचा फरक रस्त्याचा. कोपऱ्याचे घर १२ मीटरच्या डीपी रोडला, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्याला, लागून आहे आणि काकांचे दार साडेसात मीटरच्या गल्लीत उघडते. नव्या नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१० एफएसआयवर (एफएसआय म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) प्रीमियम एफएसआय, म्हणजे पैसे भरून मिळणारे जादा बांधकाम, किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, घेता येत नाही, रुंद रस्त्यावर घेता येतो. कोपऱ्याचे घर घेणाऱ्याला तिथे दवाखाना काढायचा होता, हेही नंतर कळले.

वही पुढे ओढून काकांनी स्वतः त्यांच्या घराचा आकडा मांडला. ८६१ गुणिले ४,३००, म्हणजे ३७ लाख. बांधकाम ८८० फूट, घसारा जाऊन १२ लाख २० हजार. बेरीज ४९ लाखांच्या वर. तरी मधले घर ५६ ला विकले गेले होते, कारण एवढा लहान प्लॉट सुटा कुणी विकत नाही आणि स्वतःच्या छपरासाठी गिऱ्हाईक सहा-सात लाख जास्त मोजते. ५६ लाखांच्या त्या विक्रीला दहा महिने झाले होते, काकांचे घर अधिक निगराणीत ठेवलेले होते. माझा अंदाज ५७ ते ६१ लाखांचा निघाला.

काका बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्याचं घर महाग गेलं नाही. त्याची जमीन जास्त होती." आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते बाजाराला दोष न देता बोलत होते. रो-हाऊसला बांधकामाच्या फुटाचा भाव लावणे ही मुळातली चूक आहे. तो फ्लॅटचा हिशेब. फ्लॅटमध्ये जमीन सगळ्यांची मिळून असते. रो-हाऊसमध्ये किंमतीचा मोठा भाग पायाखाली असतो आणि तो प्रत्येक घराचा निराळा असतो, भिंतीला भिंत असली तरी.

समोरचे पर्याय

थांबणे हा पहिला. मुलाचा सिंहस्थाचा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही, कारण नाशिकमध्ये सिंहस्थ येतो तेव्हा रस्ते, पूल, पाणी यांवर खरोखर पैसा येतो. पण तो पैसा सगळ्या शहरात सारखा पसरत नाही. साधुग्राम तपोवनात, गर्दी पंचवटी आणि रामकुंडावर, आणि हे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय मागचा अनुभव आठवून बघावा. २०१५ च्या सिंहस्थातली शाही स्नाने संपली आणि त्याच नोव्हेंबरात कचऱ्याच्या प्रश्नावरून हरित लवादाने शहरात नव्या बांधकाम परवानग्या थांबवल्या. त्याच सुमारास कपाटांच्या प्रश्नावरून, म्हणजे एफएसआयमध्ये न धरलेली कपाटांची जागा खोल्यांत मिळवल्याच्या वादावरून, कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडले. पुढच्या नोव्हेंबरात नोटाबंदी, मग मे २०१७ मध्ये गृहप्रकल्पांसाठीचा रेरा कायदा, जुलैत जीएसटी. सिंहस्थानंतर विकू म्हणून थांबलेल्यांची गाठ या सगळ्याशी पडली. २०२७ नंतर तसेच होईल असे मी म्हणत नाही. पर्वणीची तारीख पंचांगात सापडते, घराच्या भावाची सापडत नाही.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती आणि ती घरात कुणाच्याच लक्षात आली नव्हती. काका विकणारेही होते आणि त्याच शहरात घेणारेही. त्यांच्या दृष्टीने रो-हाऊसच्या भावाला एकट्याने अर्थ नव्हता. अर्थ होता तो रो-हाऊस आणि फ्लॅट यांमधल्या अंतराला. मे २०२४ मध्ये फ्लॅट ५८ ला होता आणि त्यांच्या घराची खरी किंमत ५६-५७ च्या घरात. जानेवारीत फ्लॅटवाला साडेएकसष्ट मागत होता आणि घर ५९ च्या आसपास. बाजार चढला तर दोन्ही चढणार, आणि लिफ्टचा फ्लॅट अधिक वेगाने चढत होता. कारण काकूंसारखे गुडघे बऱ्याच घरांत होते. थांबण्यात अंतर वाढत होते.

घर भाड्याने देऊन कर्जावर फ्लॅट घेणे हा पर्याय दहा मिनिटांत निकालात निघाला. भाडे १७,००० मिळाले असते, म्हणजे घराच्या किमतीवर वर्षाला साडेतीन टक्केही नाही, आणि ६८ व्या वर्षी कर्ज द्यायला बँक फारशी उत्सुक नसते. सहाही घरांनी मिळून पुनर्विकास करावा, ही एका शेजाऱ्याची कल्पना साडेसात मीटरच्या रस्त्यापाशीच थांबली.

विकायचेच नाही, हॉलचा एक भाग बंद करून खालीच झोपायची खोली आणि कमोड करायचा, हा पर्याय मला मनापासून विचार करण्याजोगा वाटला. खर्च तीन-साडेतीन लाख, आणि ना दलाली ना मुद्रांक. मी तसे सांगितलेही. काकूंनी नाही म्हटले. त्यांना गच्चीची, तुळशीची ओढ नव्हती असे नाही. पण लेक दोन गल्ल्या पलीकडे असणे त्यांना जास्त हवे होते. त्यांचे म्हणणे ऐकून आम्ही तो विषय तिथे मिटवला.

उरला पर्याय खऱ्या भावाला लवकर विकण्याचा.

काय केले

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घर ६१ लाखांना नव्याने बाजारात आले. तीन एजंटांऐवजी एकच ठेवला, कारण तीन तोंडांतून तीन आकडे बाहेर गेले की गिऱ्हाईक सगळ्यांत खालचा धरून बसते.

त्याआधी पुढची पत्र्याची शेड काढून टाकली. गच्चीवरच्या खोलीवर वाद झाला. नियमित करून घ्यावी तर ओळीचा एफएसआय एकत्र मोजलेला, बाकी पाच घरांशी गुंतलेला; महिने गेले असते. पाडावी तर मुलाची खोली, आणि काकांचा जीव होईना. शेवटी ठरले ते असे: खोली आहे तशी राहील, पण घर बघायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगायचे की ही नकाशात नाही, बँक ती धरणार नाही आणि ६१ मध्ये तिचे पैसे मागितलेले नाहीत. एजंटला हे पटले नाही. पण सप्टेंबरचा व्यवहार मोडला तो ६४ लाखांत या खोलीचे पैसे मोजले गेले आणि बँकेने ते धरले नाहीत म्हणूनच.

पूर्णत्वाच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रतीसाठी जानेवारीच्या मध्याला अर्ज केला. दोन आठवडे लागतील असे मी काकांना सांगितले होते. सहा लागले. तो अंदाज माझा आणि चूकही माझी.

कराची भीतीही काकांना धरून बसली होती. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घराच्या विक्रीवरचा इंडेक्सेशनचा, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याचा, लाभ काढल्याचे त्यांनी ऐकले होते. ऑगस्टमध्ये त्यात बदल होऊन २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी रहिवासी व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी कर काढून कमी असेल तो भरायची मुभा मिळाली, हे मात्र कानावर आले नव्हते. त्यांच्या सीएने ५९ लाख धरून आकडा काढला. २००६-०७ चा निर्देशांक १२२, २०२४-२५ चा ३६३, त्यामुळे ९ लाख ८० हजारांचे २९ लाख १६ हजार होतात. नफ्यावर २० टक्क्यांनी कर ५ लाख ९७ हजार. इंडेक्सेशन न घेता साडेबारा टक्क्यांनी ६ लाख १५ हजार. आणि नफ्याएवढी रक्कम आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम ५४ खाली दुसऱ्या राहत्या घरात घातली तर काहीच नाही. काका फ्लॅटच घेणार होते. ज्या कराच्या धास्तीने ते ८२ ला चिकटून होते, तो त्यांना लागणारच नव्हता.

इथे एक बारीक निर्णय होता. फ्लॅट एकट्या काकूंच्या नावावर घेतला असता तर महिलांसाठीची मुद्रांकाची एक टक्का सवलत मिळून ६० हजार वाचले असते. पण रो-हाऊस काकांच्या नावावर होते. नवे घर दुसऱ्याच्या नावावर घेतले असते तर कलम ५४ च्या सवलतीवर पुढे वाद निघू शकला असता. सहा लाखांचा प्रश्न साठ हजारांसाठी उघडा ठेवायचा नाही असे ठरले आणि फ्लॅटवर काकांचे नाव पहिले राहिले.

निकाल

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाच जण घर बघून गेले. त्यांतल्या एका जोडप्याने ५८ सांगितले, काकांनी ६० धरले. ७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने कमी केला होता. जवळजवळ पाच वर्षांतली ती पहिली कपात, त्यामुळे कर्ज काढणाऱ्यांच्या मनात थोडी हुशारी आली होती. ५९ वर जमले, एका अटीवर. ताबा ५ मेपर्यंत काकांकडेच राहील आणि त्याचे भाडे नाही. वरचा एक लाख काकांनी या दीड महिन्यासाठी सोडला. म्हातारपणी दोनदा सामान हलवणे टळले, माझ्या मते तो लाख सत्कारणी लागला.

दाखल्याची प्रत येईपर्यंत दोनदा असे वाटले की हेही गिऱ्हाईक जाते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रत आली. या वेळी बँकेच्या मूल्यांकनकाराला मधल्या घरांच्या दस्तांच्या प्रती दिल्या. त्याने ५७ लाख ५० हजार किंमत धरली, ४६ लाखांचे कर्ज झाले आणि घेणाऱ्यांना जुळवायची रक्कम मुद्रांकासकट १७ लाखांच्या आत राहिली.

एक एप्रिलपासून रेडी रेकनर वाढणार अशी तेव्हा चर्चा होती, आणि वाढला तो नाशिक महापालिका क्षेत्रात सरासरी सात टक्क्यांहून अधिक. घेणाऱ्यांना ३१ मार्चच्या आत दस्त हवा होता. मी दोन्ही बाजूंना सांगितले की मुद्रांक शुल्क मोबदला आणि सरकारी मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागते. इथे मोबदलाच वर आहे, त्यामुळे वाढीने फरक पडणार नाही. तरी त्यांनी घाई केली. २० मार्चला खरेदीखत झाले. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने घेणाऱ्यांनी एक टक्का टीडीएस कापून भरला, त्याची काकांना आधी कल्पना दिलेली होती.

फ्लॅटवाला ६० वर आला. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात दस्त झाला, ५ मेला चाव्या दिल्या-घेतल्या. मे २०२४ मध्ये ५८ ला मिळणारा फ्लॅट ६० ला पडला.

वेगळे काय करता आले असते

एजंटला आकडा सांगण्याआधी इंडेक्स टू काढला असता तर जून २०२४ मध्येच घर साठच्या आसपास लागले असते आणि सहा-सात महिने वाचले असते. काकूंच्या जिन्याचे सहा-सात महिने.

८२ या आकड्याने आणखी एक नुकसान केले. फेब्रुवारीत आलेल्या पाचही जणांनी विचारले की हे घर इतके दिवस का पडून आहे. भाव चुकला होता हे कुणी मनात आणत नाही. गिऱ्हाईकाला भिंतीत ओल दिसू लागते, वास्तू आडवी येते. एकाने तर घरात कुणी गेले का, असे विचारले. आज मला वाटते की डिसेंबर-जानेवारीत घर दोन महिने पूर्ण बाजाराबाहेर काढून मग नव्या भावाने आणायला हवे होते.

सप्टेंबरचे ६४ लाखांचे जोडपे वाचवता आले असते का, याचा मी बराच विचार केला. बँकेचा आकडा आला त्या दिवशी काका ६० वर उतरले असते तर कर्ज वजा जाता त्यांना घरातून घालायची रक्कम चार लाखांनी कमी झाली असती. कदाचित जमले असते. पण दाखल्याची प्रत तेव्हाही नव्हती. घर विकायचे मनात आले की पहिल्या दिवशी मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टीची पावती, मूळ खरेदीखत आणि त्याचा इंडेक्स टू एका फाइलीत लावावा. आता मी येणाऱ्याला आधी ही फाइल विचारते, भाव नंतर.

आणि एक गोष्ट मी स्वतः कमी पडले ती. मुलाशी मी फोनवर एकदाच बोलले, तेही घाईत. त्याच्या सिंहस्थाच्या मुद्द्याला वडिलांच्या वहीतला हिशेब दाखवून उत्तर दिले असते तर घरात पंधरा दिवस जी कटुता राहिली ती राहिली नसती. वडिलांचे घर स्वस्तात गेले असे त्याला दस्ताच्या दिवसापर्यंत वाटत होते.

जूनमध्ये त्याच ओळीतले एक काका भेटायला आले. त्यांनाही विकायचे होते, मनात ७२ होते. "मधलं सदुसष्टला गेलं म्हणतात," ते म्हणाले. मी संगणक त्यांच्याकडे वळवला, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला आणि म्हटले, "काका, मोबदल्याचा रकाना तुम्हीच वाचा."